वैद्याचे शुल्क आणि वैद्याचा शब्द

बी.ए.एम.एस.च्या साडेपाच वर्षांत निदान, चिकित्सा, रसशास्त्र, पंचकर्म अशा अनेक विषयांचे शिक्षण आपल्याला मिळते. परंतु भाड्याच्या दोन खोल्या घेऊन, दारावर पाटी लावून बसल्यानंतर रुग्णाकडून किती शुल्क घ्यावे, ते कोणत्या शब्दांत सांगावे, परिचारकाला काय शिकवावे आणि महिनाअखेर हाती नेमके काय उरले हे कसे पाहावे, याविषयी महाविद्यालयात फारसे कोणी बोलत नाही. वस्तुतः वैद्याचा दवाखाना हा किराणा दुकानाइतकाच एक लहान व्यवसाय आहे. त्यालाही भाडे, पगार, वीजबिल, माल, उधारी आणि गिऱ्हाइकाचा विश्वास या सर्वांचा मेळ घालावा लागतो. प्रस्तुत लेखात या मेळातील एका मुद्द्याचा विचार करावयाचा आहे. तो म्हणजे सल्ल्याचे मूल्य औषधाच्या पुडीत लपवण्याची आपली सवय आणि तिचे परिणाम.

धनैषणा निषिद्ध नाही

पैशाचा विषय निघाला की अनेक वैद्यांना संकोच वाटतो. या संकोचामागे एक उदात्त परंपरा आहे हे मान्य केलेच पाहिजे. रसायन प्रकरणात चरकाचार्यांनी चिकित्सेला विक्रीची वस्तू करणाऱ्या वैद्याचा कठोर शब्दांत निषेध केला आहे. परंतु त्याच संहितेच्या सूत्रस्थानात, तिस्रैषणीय अध्यायात, प्राणैषणेच्या खालोखाल धनैषणेला स्थान दिले आहे आणि जगण्याची साधने सन्मार्गाने मिळवण्याचा उपदेश केला आहे, हे आपण सोयीने विसरतो. या दोन्ही वचनांत विरोध नाही. आजार पाहून भाव ठरवणे, भीती दाखवून औषध खपवणे हा चिकित्सेचा बाजार होय. आपल्या श्रमाचे, वेळेचे आणि ज्ञानाचे मूल्य आधी, स्पष्ट आणि सर्वांना सारखे सांगणे हा बाजार नव्हे. किंबहुना जिथे मूल्य सांगितले जात नाही, तिथेच बाजार शिरण्याचा धोका अधिक असतो.

पुडीत लपलेले शुल्क

अनेक दवाखान्यांत तपासणीचे शुल्क वेगळे सांगितले जात नाही. वैद्य नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, अर्धा तास आहार-विहाराची चौकशी करतो, आणि शेवटी सात दिवसांचे औषध देऊन एक आकडा सांगतो. रुग्ण पैसे देतो. पण ते औषधाचे, अशी त्याची समजूत होते. या पद्धतीचे तीन दुष्परिणाम संभवतात.

पहिला परिणाम रुग्णाच्या मनावर होतो. सल्ला फुकट आणि औषध महाग, असा त्याचा ग्रह होतो. मग तो पुढील खेपेस तेच चूर्ण बाजारातून स्वस्तात घेतो. आणि त्यात त्याचे काही चुकले असेही म्हणता येत नाही. आपणच त्याला पुडी विकली होती. जो सल्ला फुकट मिळाला, तो पाळण्याची निकडही त्याला वाटत नाही. पथ्यापथ्य हा आपल्या चिकित्सेचा आधार. त्यालाच आपण अशा रीतीने कवडीमोल ठरवतो.

दुसरा परिणाम वैद्याच्या मनावर होतो, आणि तो अधिक गंभीर आहे. ज्या रुग्णाला केवळ लंघन, उष्णोदक आणि दिवास्वापवर्जन पुरेसे आहे, त्याला औषध न देता परत पाठवले तर वैद्याच्या हाती काहीच येत नाही. साहजिकच एखादी वटी, एखादे चूर्ण जोडून देण्याचा मोह होतो. मिळकत औषधावर अवलंबून ठेवली की लेखणी नकळत औषधाकडे झुकते. शुल्क वेगळे असेल तर ‘तुम्हाला आज औषधाची गरज नाही’ हे वाक्य वैद्य निर्भयपणे उच्चारू शकतो. रुग्णाचा विश्वास दृढ करणारे याहून मोठे वाक्य नाही.

तिसरा परिणाम हिशेबावर होतो. औषधातून किती आले आणि सल्ल्यातून किती, हे कळतच नाही. मग महागाई वाढली की वैद्य औषधाची किंमत वाढवतो आणि रुग्ण दुरावतो.

एका रुग्णामागे खर्च किती?

शुल्क ठरवताना शेजारच्या दवाखान्यात काय घेतात, एवढेच बहुधा पाहिले जाते. त्याआधी स्वतःचा खर्च मांडावा. उदाहरणादाखल एक दवाखाना कल्पू. भाडे १५,००० रुपये, दोन परिचारकांचे वेतन २४,०००, वीज-पाणी-दूरध्वनी ४,०००, गॅस, धुलाई, स्वच्छता ५,०००, छपाई, दुरुस्ती, विमा ३,००० आणि उपकरणांच्या कर्जाचा हप्ता ६,००० असे धरले, तर मासिक खर्च ५७,००० रुपये होतो. महिन्यात २५ दिवस काम आणि दररोज सरासरी १२ रुग्ण, म्हणजे ३०० रुग्ण. ५७,००० ला ३०० ने भागले की प्रत्येक रुग्णामागे १९० रुपये येतात. यात औषधाची खरेदी नाही आणि वैद्याच्या घरखर्चाचा एक रुपयाही नाही. अशा दवाखान्यात १०० रुपयांत ‘औषधासह तपासणी’ केली जात असेल, तर तेथे धर्मादाय कार्य चालले आहे. फक्त वैद्याला ते ठाऊक नाही.

हे गणित प्रत्येकाने आपल्या आकड्यांनी वर्षातून एकदा तरी करावे. त्यासाठी दोन गोष्टी आवश्यक आहेत. घराचे आणि दवाखान्याचे बँक खाते वेगळे असावे. आणि दररोज संध्याकाळी रोख रक्कम व मोबाईलवरून जमा झालेली रक्कम एकाच वहीत, सल्ला, औषध व पंचकर्म अशा तीन रकान्यांत लिहावी. दहा मिनिटांचे काम आहे. गल्ल्यातून भाजीसाठी उचललेले दोनशे रुपयेही त्या वहीत आले पाहिजेत.

गरीब रुग्णाचे काय, हा प्रश्न येथे रास्तच आहे. त्याला सवलत जरूर द्यावी; पण वहीत पूर्ण शुल्क लिहून त्यापुढे ‘माफ’ अशी नोंद करावी. मग महिन्याला आपण किती देऊ शकतो हे कळते, आणि दान हे संकोचातून घडलेली गळती न राहता विचारपूर्वक केलेले कर्म होते.

पंचकर्मापूर्वी द्यावयाचा कागद

शुल्काइतकेच महत्त्व काळाला आहे. गैरसमजाचे मूळ अनेकदा पैशात नसते. दिवसांच्या हिशेबात असते. ‘विरेचन करून घेऊ’ असे आपण म्हणतो तेव्हा रुग्णाला तो एका दिवसाचा कार्यक्रम वाटतो. प्रत्यक्षात दीपन-पाचनानंतर स्नेहपान ३ ते ७ दिवस, मग अभ्यंग-स्वेदनाचे ३ दिवस, विरेचनाचा १ दिवस आणि शुद्धीच्या प्रमाणानुसार ३, ५ किंवा ७ दिवसांचा संसर्जनक्रम, असा हा साधारण १० ते १८ दिवसांचा विधी आहे. नोकरदार माणसाला रजा काढावी लागते. घरातील स्त्रीला पेया-विलेपी आपल्यासाठी वेगळी शिजवावी लागते, बाकीच्यांचा स्वयंपाक तर टळत नाहीच. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण संसर्जनक्रम मध्येच मोडतो आणि दोष मात्र पंचकर्माच्या माथी येतो.

म्हणून प्रत्येक कर्मापूर्वी मराठीत, मोठ्या अक्षरात छापलेला एका पानाचा कागद द्यावा. त्यात कर्माचे नाव व हेतू, एकूण दिवस, दररोज लागणारा वेळ, आहाराचे नियम, होऊ शकणारे त्रास, तसे झाल्यास संपर्काचा क्रमांक, एकूण खर्च आणि त्यात काय समाविष्ट नाही, या बाबी असाव्यात. बस्ती असेल तर योगबस्तीच्या ८, कालबस्तीच्या १६ की कर्मबस्तीच्या ३०, ही संख्या पहिल्याच दिवशी लिहावी. ‘बघू, लागतील तशा देऊ’ या वाक्याने रुग्णाच्या मनात शंकेचे बीज पडते. कागद वाचून झाल्यावर रुग्णाला त्याच्याच शब्दांत क्रम सांगावयास लावावा. मान डोलावली म्हणजे समजले असे नव्हे. त्यानंतर संमतीची सही घ्यावी आणि एक प्रत दप्तरी ठेवावी.

कायद्याच्या दृष्टीनेही हे हिताचे आहे. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. २०१९ च्या नव्या कायद्यानंतरही ही स्थिती कायम आहे. अशा वेळी नोंद हाच वैद्याचा साक्षीदार.

‘कधी बरे वाटेल?’

रुग्णाच्या या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी शास्त्राने आपल्याला सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे चार नेमके शब्द दिले आहेत. ते आपण निदानासाठी वापरतो. संवादासाठी मात्र वापरत नाही. जुन्या संधिवाताच्या रुग्णाला ‘हा आजार सांभाळत न्यावयाचा आहे, सहा आठवड्यांत सकाळचा आखडलेपणा कमी होतो का हे आपण पाहू, न झाल्यास चिकित्सेचा फेरविचार करू’ असे सांगितले, तर त्याला दिशा मिळते आणि मोजण्यास एक खूण मिळते. याउलट ‘मुळापासून बरे करू’ या आश्वासनाची मुदत कधीतरी भरतेच. शिवाय, मधुमेह, कर्करोग आदी व्याधी बरे करण्याचा दावा जाहिरातीतून करण्यास १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. पाटीवर वा मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशात मजकूर देताना याचे भान ठेवावे. आणि जो रुग्ण आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, त्याला त्याच दिवशी योग्य ठिकाणी पाठवावे. असाध्य व्याधी हाती घेणाऱ्या वैद्याच्या अर्थाची, विद्येची आणि यशाची हानी होते, हा चरकाचार्यांचा इशारा व्यवहारालाही तंतोतंत लागू पडतो.

उपस्थाता हा दवाखान्याचा आवाज

चतुष्पादात उपस्थात्याला स्वतंत्र पाद मानून उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे त्याचे गुण सांगितले आहेत. दवाखान्यात येणाऱ्याशी पहिला शब्द तोच बोलतो आणि शेवटचाही. तरीही त्याला शिकवण्यासाठी आपण वेळ काढत नाही. शुल्क किती हे परिचारकाने न अडखळता, न वरमता सांगितले पाहिजे. दूरध्वनीवर औषधाचा सल्ला द्यावयाचा नाही, एका रुग्णाची गोष्ट दुसऱ्यापुढे काढावयाची नाही, उशीर होणार असेल तर रुग्णाने विचारण्याआधी सांगावयाचे, एवढे चार नियम लिहून भिंतीच्या आतल्या बाजूस लावावेत. वेतन ठरल्या तारखेस द्यावे आणि चूक झाल्यास रुग्णासमोर बोलू नये. महिन्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसून रुग्ण कशाबद्दल कुरकुरतात हे परिचारकाला विचारावे. वैद्यासमोर रुग्ण जे बोलत नाही, ते बाहेरच्या बाकावर बोलतो.

कपाटात अडकलेला पैसा

औषधसाठा हेही धनच होय. सवलतीच्या मोहाने घेतलेली चूर्णाची मोठी खेप पुढे ओलसर होऊन फेकावी लागते. चूर्ण दोन महिन्यांनी आणि गुटिका वर्षाने हीनवीर्य होते, तर आसव आणि रसौषधी जितक्या जुन्या तितक्या गुणवान, हे शार्ङ्गधराचार्यांचे मत खरेदीचे सूत्र म्हणूनही वापरता येते. वेष्टनावरील मुदत अर्थातच पाळावी. चूर्णे थोडी व वारंवार घ्यावीत, आधी आलेला डबा पुढे ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी कपाट रिकामे करून मोजणी करावी.

तक्रार आली तर

विमानस्थानात संभाषेचे दोन प्रकार आहेत : संधाय आणि विगृह्य. पैशावरून किंवा गुण न आल्यावरून रुग्ण रागावला असता आपण नकळत विगृह्य संभाषेत उतरतो. वाद जिंकतो आणि रुग्ण गमावतो. त्याला आत बोलावावे, बसवावे, मध्ये न तोडता ऐकावे, आणि त्याचा केसपेपर त्याच्यासमोर उघडावा. आधी दिलेला कागद असेल तर बोलणे त्या कागदाविषयी होते, माणसाविषयी होत नाही.

येत्या पहिल्या तारखेपासून प्रत्येकाने निदान दोन गोष्टी कराव्यात, अशी नम्र सूचना आहे. सल्ल्याचे शुल्क वेगळे लिहून ते प्रतीक्षाकक्षात लावावे आणि तीन रकान्यांची वही सुरू करावी. पाटी लागल्यावर सुरुवातीस काही रुग्ण कमी होण्याचा संभव आहे. त्याची तयारी ठेवावी. जे राहतील ते पुडीसाठी आलेले नसतील, वैद्यासाठी आलेले असतील. आणि ‘आज औषध नको, आठ दिवस रात्रीचे जेवण लवकर घ्या’ एवढे सांगूनही आपला चरितार्थ चालेल, तेव्हा आयुर्वेदाचा खरा व्यवसाय आपण करू लागलो असे म्हणता येईल.