प्रमाणपत्रांची फाईल आणि अपुरे प्रकरण

विद्यापीठांतील बहुतेक संशोधक विद्यार्थ्यांजवळ हल्ली एक जाडजूड फाईल असते. संशोधनपद्धतीवरील सात दिवसांची कार्यशाळा, संख्याशास्त्रीय संगणकप्रणालीचे तीन दिवसांचे प्रशिक्षण, शोधनिबंध-लेखनाचा एक दिवसाचा वर्ग, दोन राष्ट्रीय चर्चासत्रे आणि एक आंतरराष्ट्रीय परिषद असा सारा ऐवज तीत प्लास्टिकच्या पाकिटांतून नीट लावलेला असतो. त्याच विद्यार्थ्याला प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाविषयी विचारले तर मात्र तो घुटमळतो. नोंदणीला चार वर्षे झालेली असतात, टिपणांच्या वह्या भरलेल्या असतात, पण प्रकरण पुढे सरकलेले नसते. आणि ते का सरकत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलेही नसते. ज्या कार्यशाळा त्याला संशोधक बनविण्यासाठी भरविल्या गेल्या, त्यांनी नेमके काय साधले, हा प्रश्न म्हणूनच विचारणे भाग आहे.

मुळात ही कल्पना चांगली होती. शाळेत शिकविणाऱ्यास बी. एड. व्हावे लागते, महाविद्यालयात शिकविणाऱ्यास मात्र तशा प्रशिक्षणाची अट नव्हती. एम. ए. झालेला तरुण जून महिन्यात एकाएकी शंभर मुलांच्या वर्गापुढे उभा राही आणि स्वतःच्या प्राध्यापकांची नक्कल करीत दिवस काढी. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही उणीव हेरली आणि त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने ठिकठिकाणी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. नवोदित अध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि अनुभवी अध्यापकांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, अशी ती व्यवस्था होती. तालुक्याच्या गावी, चार कपाटांच्या ग्रंथालयावर भागविणाऱ्या अध्यापकाला त्या निमित्ताने विद्यापीठाचे ग्रंथालय तीन आठवडे मोकळे मिळे. व्याख्याने विसरली जात. पण रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यात इतर जिल्ह्यांतील समविषयी माणसांशी झालेल्या गप्पा पुढे कित्येक वर्षे पुरत. हा लाभ कोणत्याही अहवालात नोंदला गेला नाही, आणि कदाचित म्हणूनच पुढे तो जपलाही गेला नाही. २०१५ साली या संस्था मानव संसाधन विकास केंद्रे झाल्या आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे. पाट्या बदलण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

संशोधक विद्यार्थ्यांचा विचार मात्र उशिरा झाला. पीएच. डी. साठी किमान एका सत्राचा अभ्यासक्रम आणि त्यात संशोधनपद्धतीचा समावेश, ही सक्ती २००९ च्या नियमांनी आली. त्याआधी संशोधन शिकविण्याचे काम सर्वस्वी मार्गदर्शकाच्या मर्जीवर सोपविलेले असे. २०१९ मध्ये संशोधन आणि प्रकाशन यांच्या नीतीविषयीचा तीस तासांचा, दोन श्रेयांकांचा पाठ्यक्रम आला. वाङ्मयचौर्याचे प्रमाण पाहता त्याची गरज होती, याविषयी दुमत नाही.

बिघाड झाला तो निराळ्याच वाटेने. २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांचा तक्ता आला. दोन आठवड्यांच्या वर्गाला वीस गुण, एका आठवड्याच्या वर्गाला दहा. चर्चासत्रात निबंध वाचला तर तेही गुणांत मोजले जाऊ लागले. तक्ता पुढे बदलला, पण लागलेले वळण सुटले नाही. ज्या गोष्टीला गुण मिळतात ती गोष्ट वाढते, हे परीक्षेवर जगणाऱ्या समाजाला निराळे सांगावयास नको. महाविद्यालयांना मूल्यांकनासाठी उपक्रम दाखवावयाचे होते, अध्यापकांना गुण हवे होते, विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र हवे होते. तिघांच्या गरजा एकमेकींत चपखल बसल्या आणि कार्यशाळांचे पेव फुटले. २०२० च्या टाळेबंदीत तर घरबसल्या प्रश्नमंजूषा सोडविताच प्रमाणपत्र संगणकावर येऊन पडू लागले.

अशा कार्यशाळेचा पहिला दिवस ज्याने पाहिला असेल त्याला पुढचे दिवस वेगळे पाहण्याची गरज नाही. दहाचे उद्घाटन पावणेबाराला सुरू होते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, प्रास्ताविक. मग बीजभाषण. वक्ता संशोधन म्हणजे सत्याचा शोध असल्याचे सांगतो, प्राथमिक व दुय्यम साधने यांतील फरक सांगतो, गृहीतकृत्याची व्याख्या पडद्यावर वाचून दाखवतो. दुसऱ्या दिवशीचा वक्ताही तेच सांगतो, कारण पहिल्या दिवशी कोण काय बोलले याची त्याला कल्पना नसते. इतिहासाचा विद्यार्थी, रसायनशास्त्राचा विद्यार्थी आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी एकाच बाकावर बसून एकच व्याख्या उतरवून घेतात. मोडी दफ्तर वाचू पाहणाऱ्याला नमुना-निवडीचे पाच प्रकार ऐकावे लागतात. ज्याला प्रश्नावली घेऊन गावोगाव फिरावयाचे आहे, त्याला ती प्रश्नावली कोणी तपासून देत नाही. सात दिवसांत एकाही सहभागी विद्यार्थ्याच्या लेखनाचे एक पानही कोणी वाचलेले नसते.

निबंध छापण्याच्या सक्तीचे फळही असेच निघाले. २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि दोन परिषदांत निबंध वाचणे आवश्यक ठरले. हेतू चांगला, परंतु पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा त्यावर पोसला गेला. त्याला आळा घालण्यासाठी आयोगाने २०१९ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची सूची केली. पुढे २०२२ च्या नियमांतून प्रकाशनाची ती सक्ती गेली आणि २०२५ मध्ये सूचीही बंद झाली. या सहा-नऊ वर्षांत ज्यांनी शिष्यवृत्तीच्या पैशांतून छपाईचे शुल्क भरले, त्यांच्या पदरी काय पडले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली असते. ज्याच्या घरी पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोचले आहे, त्याची वाया गेलेली दोन वर्षे भरून येत नाहीत.

संशोधन हे कारागिरीचे काम आहे. टिपण कसे घ्यावे, साधन खोटे बोलत असेल तर कसे ओळखावे, मांडणीत कोणता मुद्दा आधी आणि कोणता मागून, विषय हाताबाहेर पसरू लागला की कोठे छाटावा, हे व्याख्यानाने येत नाही. जाणत्याच्या शेजारी बसून, स्वतःचे लिहिलेले खोडले जाताना पाहूनच ते येते. एका प्राध्यापकाकडे नियमाने एका वेळी आठ संशोधक विद्यार्थी असू शकतात. शिकवणी, तपासणी आणि समित्या सांभाळून तो प्रत्येकाची प्रकरणे ओळ न् ओळ वाचील, ही अपेक्षा फोल आहे. येथेच कार्यशाळेने त्याच्या मदतीला यावयाचे होते.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने जातिसंस्थेवरील निबंध वाचला. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. हाच निबंध पुढे मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. आधी जाणकारांपुढे वाचन, मग छपाई, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा लंडनचा प्रबंधही परीक्षकांनी एकदा परत पाठविला होता. फेरलेखनानंतर १९२३ मध्ये तो मान्य झाला आणि त्याच वर्षी ग्रंथरूपाने निघाला. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या प्रा. एडविन कॅनन यांनी लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपणास पटत नसल्याचे तेथेच नमूद केले आणि तरीही त्यांतील ताजेपणाची वाखाणणी केली. मतभेद असूनही शब्द न् शब्द वाचणारा असा वाचक आजच्या संशोधकाला प्रबंध सादर होईपर्यंत क्वचितच भेटतो. सादर झाल्यावर भेटतो तो परीक्षक.

भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीत प्रबंध लिहावयाचा असतो, आणि ते इंग्रजी त्याला कोणी शिकवीत नाही. मराठीत लिहिणाऱ्याची स्थितीही फार बरी नाही. इंग्रजी पुस्तकांतील परिभाषा ओढूनताणून मराठीत आणताना वाक्याचा अर्थच हरवतो. असले एक वाक्य फळ्यावर लिहून दहा जणांनी मिळून ते दुरुस्त केले, तर अर्ध्या दिवसात जे समजेल ते सात बीजभाषणांतून समजणार नाही.

विद्यार्थ्याने दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी, हे नियमात आहे. २०२२ च्या नियमांत अध्यापन आणि लेखन यांच्या प्रशिक्षणाचाही उल्लेख आहे. तेव्हा नवा नियम करण्याची आवश्यकता नाही. विभागातील विद्यार्थ्यांनी पंधरवड्यातून एकदा जमावे, एकाने आपल्या प्रकरणाची वीस पाने आठ दिवस आधी सर्वांना द्यावीत आणि दोन तास फक्त त्या वीस पानांवर बोलावे. या बैठकीला उद्घाटक लागत नाही. एक लांब टेबल, दहा-बारा खुर्च्या, झेरॉक्सचा खर्च आणि आधी वाचून आलेले दोन अध्यापक एवढे पुरे.