औषधाला आसऱ्याची जोड

मुलाला कर्करोग झाला म्हणजे सारे संपले, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. वास्तविक बालपणीचे पुष्कळसे कर्करोग वेळेवर व पुरे उपचार झाल्यास बरे होतात. ‘पुरे’ या शब्दावर आमचा भर आहे. मुलांत नेहमी आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून दूरदूरचे रुग्ण येतात. पण मजुरी बुडवून आलेल्या आईबापांनी मुंबईत राहावे कोठे? पदपथावर पथारी टाकावी, तर औषधांनी पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला जंतुसंसर्ग गाठतो. गावी परतावे, तर उपचार अर्धा राहतो.

ही अडचण निहाल व श्यामा कविरत्ने या दांपत्याने नेमकी हेरली. २००६ मध्ये त्यांनी मुंबईत ‘सेंट ज्यूड’ या नावाने अशा मुलांसाठी निवासकेंद्र काढले. तेथे प्रत्येक कुटुंबाला विनामूल्य स्वतंत्र जागा मिळते. स्वयंपाकघर सामायिक, पण आई आपल्या हाताने ताजे अन्न रांधते. स्वच्छता कडक असते. शेजारचे मूल सुधारताना पाहून खचलेल्या बापाला धीर येतो.

गाडगे महाराजांच्या महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देतेच. समाजाच्या पुढाऱ्याला याकरिता डॉक्टर व्हावे लागत नाही. अशा कुटुंबाचे शेत कोण पाहील, मागे राहिलेली भावंडे कोठे जेवतील, एवढे त्याने पाहिले, तरी उपचार मध्येच सुटण्याची भीती पुष्कळ कमी होते.