पाण्याखाली जाताय? आधी कमरेचं ओझं कमी करा!

मैत्रिणींनो, माझं माहेर साताऱ्याचं नि सासर सांगलीचं. म्हणजे दोन्हीकडे पाणी कृष्णेचंच! पोहायला मी शिकले ती मामाच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून. तुमच्यापैकीही कितीतरी जणी तशाच शिकल्या असतील. पण हाच डबा एक दिवस मालवणच्या समुद्रात मला आठवेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट करत मालवणला गेलो. आठवीतल्या लेकीचा हट्ट होता, स्कूबा शिकायचंच. आमचे हे म्हणाले, "मग तूही शीक तिच्याबरोबर. पोहता तर येतंच तुला." झालं! सकाळी किनाऱ्यावर सगळ्यांसमोर प्रश्न आला, "ताई, वजन किती?" मी हळूच तीन किलो कमी सांगितलं. (खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?) तिथल्या मदतनिसाने माझ्याकडे एकवार पाहिलं नि पट्ट्यात शिशाचे तुकडे ओवले. एकंदर ८ किलो! "जड असलेलं बरं ताई, वर तरंगणार नाही." मीही मान डोलावली. आपण बायका अशा वेळी "असू दे, चालेल" म्हणतो ना, अगदी तसं.

सहा मीटरवर गेल्यावर मी धोंड्यासारखी तळाला बसले. वाळूचा धुरळा उडाला, पाय प्रवाळाला लागता लागता राहिले. वर यावं म्हणून जाकिटात हवा भरायचं बटण दाबलं. काहीच होईना. पुन्हा दाबलं, आणखी दाबलं, आणि मग एकदम अशी वर सुटले की विचारू नका! शिक्षकाने जाकीट धरून थांबवलं म्हणून बरं. श्वास रोखून असं वर आलं तर फुप्फुसाला इजा होते, प्रसंगी जिवावर बेतते, हे वर्गात ऐकलं होतं. त्या क्षणी मात्र सगळं विसरले होते.

रात्री मी जाहीर केलं, "मी उद्या येणार नाही." लेक म्हणाली, "मग मीही नाही." ती उशीत तोंड खुपसून रडली, आणि मला वाटलं, माझी भीती हिच्या गळ्यात कशाला बांधायची?

शिसं लागतं कशाला?

दुसऱ्या दिवशी एका वयस्कर शिक्षकांनी मला वाळूवर बसवून नीट समजावलं. मी बी. ए. झालेली, शाळेत मराठी शिकवते, शास्त्राशी माझं जेमतेम. पण हे मला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल.

पुरी फुगली की तेलावर तरंगते, तसं माणसाचं. फुप्फुसात हवा, अंगात चरबी, वर रबरी फेसाचा सूट. हे सगळं वर ओढतं. ती ओढ मोडायला शिसं. खाऱ्या पाण्यात ती ओढ आणखी वाढते. पेल्यातल्या साध्या पाण्यात अंडं बुडतं आणि भरपूर मीठ विरघळवलं की तरंगतं, हा प्रयोग मुलांसाठी घरी करून पाहा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड. साधारण बांध्याच्या बाईला सामानासकट नदीपेक्षा समुद्रात सुमारे २ किलो शिसं जास्त लागतं. म्हणून सांगलीच्या तलावात सराव केला, तर तोच आकडा मालवणला चालणार नाही.

पण लागतं तेवढंच हवं! कारण जादा शिशाची भरपाई जाकिटात हवा भरून करावी लागते. ४ किलो जादा म्हणजे ४ लिटर जादा हवा. ही हवा एका मापात राहत नाही. १० मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथली ४ लिटर हवा ५ मीटरवर येईपर्यंत सव्वापाच लिटरच्या वर जाते आणि पृष्ठभागावर ८ लिटर होते. जितकी हवा जास्त, तितकी ही ओढाताण जास्त. विहिरीतला पत्र्याचा डबा निदान आकाराने तेवढाच राहायचा. हा डबा वर येता येता फुगतो! माझं आदल्या दिवशी काय झालं, ते मला आत्ता उमगलं.

शिवाय कमरेचं वजन पाय खाली ओढतं. मग आपण आडवं तरंगण्याऐवजी उभ्याने पाणी कापतो, दम लागतो, सिलिंडरमधली हवा लवकर संपते आणि पाय प्रवाळावर आपटतात. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथलं प्रवाळ एका लाथेने मोडतं, वाढायला मात्र वर्षानुवर्षं लागतात.

उबदार पाण्यात सूट पातळ, शिसं कमी

थंड समुद्रात जाड सूट लागतो, म्हणून शिसंही जास्त. आपल्याकडचं पाणी उबदार. ३ मिलिमीटरचा सूट पुरतो, कित्येकांना आखूड बाह्यांचाही चालतो. सूट जितका पातळ, तितकं शिसं कमी. भाड्याचा जुना, दबलेला सूट नव्यापेक्षा कमी तरंगतो, म्हणून सूट बदलला की हिशेब पुन्हा करायचा.

आता सिलिंडर. आपल्या स्वयंपाकघरातला गॅसचा सिलिंडर भरलेला किती जड नि संपत आला की किती हलका, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाण्यातलंही तसंच. नेहमीच्या ११ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमधली हवाच अडीच किलोच्या आसपास भरते. काटा २०० वरून ५० वर आला, की त्यातली जवळजवळ २ किलो गेलेली असते आणि तो सिलिंडर वर तरंगू पाहतो. म्हणून शिसं मोजायचं ते सुरुवातीचं नव्हे, शेवटचं! पोलादी सिलिंडर मुळातच पाण्यात जड असतो, तेव्हा त्याच्याबरोबर शिसं कमी लागतं.

अशी करा परीक्षा

(१) सूट पाण्यात नीट भिजवून आतली हवा दाबून काढा.

(२) पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात, शिक्षक शेजारी असताना, सगळं सामान चढवून तोंडात नळी घ्या आणि जाकीट पूर्ण रिकामं करा.

(३) हातपाय न हलवता नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवं. श्वास धरूनही बुडालात, तर शिसं जास्त आहे.

(४) एका वेळी १ किलोच काढा आणि पुन्हा पाहा.

(५) सिलिंडर भरलेला असेल, तर शेवटच्या हलकेपणासाठी सुमारे २ किलो वाढवा. त्यापेक्षा उत्तम म्हणजे डाइव्हच्या शेवटी काटा ५० वर असताना, ५ मीटरवर, जाकीट जवळजवळ रिकामं ठेवून शांत थांबता येतं का ते पाहणं.

(६) आकडा वहीत लिहून ठेवा. सूट कोणता, सिलिंडर कोणता, पाणी कुठलं, हेही लिहा. वाण्याच्या हिशेबाची वही ठेवतोच ना आपण!

यातलं काही स्वतःच्या मनाने करू नका. शिसं कमी पडलं, तर शेवटी वर खेचलं जाण्याचा धोका आहे, तोही तितकाच वाईट. पट्टा एका हाताने चटकन सुटतो ना, हे दर वेळी तपासा. श्वास पाण्याखाली कधीही रोखायचा नाही. आणि वजन विचारलं, तर बाई गं, खरं सांगा!

अंगावरचं इतर ओझंही उतरवा. भली मोठी विजेरी, सुरी, शोभेच्या चकत्या, यातलं पहिल्या खेपेला काही लागत नाही. खरं तर पुष्कळसं शिसं भीतीचंच असतं. घाबरलं की माणूस छाती भरभरून श्वास घेतं आणि तरंगतं. मन शांत झालं की एकदोन किलो आपोआप उतरतात.

माझे त्या दिवशी ८ चे ६ झाले, मग ५ आणि संध्याकाळी ४. दोन तुकडे शिक्षकांनी कमरेवरून काढून सिलिंडरच्या पट्ट्यावर चढवले, तर पायही वर आले. मी पाण्यात आडवी, अलगद. नाकासमोरून पिवळ्या माशांचा थवा गेला. पलीकडे लेक अंगठा नि तर्जनी जोडून "ठीक आहे ना?" विचारत होती. मीही तशीच खूण केली.

जाता जाता दोन गोष्टी. दिवस गेले असतील तर स्कूबा अजिबात नको. दमा, हृदयविकार, कानाची दुखणी असतील तर डॉक्टरांना आधी विचारा. दुसरं, पाण्यातून निघून लगेच घाट चढू नका. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच. कोर्सचे शेवटचे डाइव्ह झाले, की ती रात्र किनाऱ्यावरच काढा आणि किती थांबायचं ते शिक्षकांना विचारून घ्या.

परतताना सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. १६६४ साली महाराजांनी तो बांधायला घेतला आणि त्याच्या पायात शिसं ओतलं, असं सांगतात. लेक लगेच म्हणाली, "आई, किल्ल्याला शिसं हवंच, त्याला कुठं पोहायचंय?" आम्ही सगळेच हसलो. आता पुढच्या सुट्टीत जाऊबाई येणार म्हणतायत. मी त्यांना एकच बजावलंय, कुणी पट्टा बांधला तर "चालेल" म्हणू नका. "किती किलो आणि का?" असं विचारा.