मेंदूची साक्ष कोणी तपासायची?

डोक्याला ३२ इलेक्ट्रोड लावलेली एक तरुणी मुंबईच्या प्रयोगशाळेत गप्प बसली आहे. तिला एकेक वाक्य ऐकवलं जातं. काही वाक्यं साधी, काही थेट आरोपाची : ‘मी आर्सेनिक विकत घेतलं.’ तिने तोंडातून शब्द काढायचा नाही. उत्तर मेंदूतल्या विद्युत लहरींनी द्यायचं. तिच्याशी लग्न ठरून मोडलेल्या तरुणाला विष घातल्याचा तिच्यावर आरोप होता. ही गोष्ट तिने नुसती ऐकलेली नाही, स्वतः अनुभवलेली आहे, असा कौल संगणकाने दिला. जून २००८मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला जन्मठेप सुनावली, आणि निकालपत्रात या चाचणीचं पानंच्या पानं समर्थन केलं.

या चाचणीचं नाव ‘बीईओएस’. बंगळुरूचे मेंदूशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी ती विकसित केली. हेतू वाईट नव्हता. कोठडीतल्या मारहाणीपेक्षा यंत्र बरं, हा युक्तिवाद आपल्याकडे सहज पटतो. पण एखादा प्रसंग आठवताना आणि त्याची नुसती कल्पना करताना मेंदूचे बरेचसे तेच भाग कामाला लागतात. पोलिसांच्या तोंडून तीच हकीकत पुन्हा पुन्हा ऐकलेल्या माणसाच्या डोक्यात मग नेमकं काय उमटेल? ‘निमहान्स’ या बंगळुरूच्या मेंदू व मनोविकार संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनेही ही पद्धत अशास्त्रीय ठरवली आणि न्यायालयात ती वापरू नये, असं सुचवलं.

योगायोग असा की, त्याच वर्षी मार्चमध्ये ‘न्यूरोएथिक्स’ या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला होता. प्रकाशक स्प्रिंगर, संस्थापक-संपादक तत्त्वज्ञ नील लेव्ही. मेंदूविज्ञानातून उभ्या राहणाऱ्या नैतिक प्रश्नांना वाहिलेलं हे नियतकालिक. व्यसनी माणूस स्वतःच्या कृतीला कितपत जबाबदार, क्लेशदायक आठवणी औषधाने बोथट कराव्यात का, मेंदूच्या आलेखावरून खोटं पकडता येतं का, असे प्रश्न तिथे तत्त्वज्ञ, डॉक्टर आणि कायदेपंडित मिळून सोलून काढतात. लेख छापण्याआधी त्याच विषयातले इतर जाणकार तो तपासतात. पुण्याच्या खटल्यात उणीव होती ती नेमकी याच तपासणीची. इतर संशोधकांनी स्वतंत्रपणे पारखून पाहण्याआधीच हे तंत्र साक्षीच्या पिंजऱ्यात जाऊन उभं राहिलं होतं, आणि पणाला लागलं होतं एका माणसाचं अख्खं आयुष्य. हा क्रम उलटा होता, भयंकर उलटा.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या सक्तीने करायला मनाई केली. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणालाही भाग पाडता येत नाही, हे घटनेतलं संरक्षण तोंड न उघडणाऱ्या आरोपीच्या मेंदूपर्यंत पोचलं. संमती असेल तर मात्र चाचणी आजही करता येते. ती दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते. पुण्याच्या त्या तरुणीनेही चाचणीला होकारच दिला होता. खुनाच्या आरोपाखाली असलेल्या माणसाचा होकार किती मोकळा मानायचा, याचं उत्तर या निकालानंतरही मिळालेलं नाही.