गोदावरीच्या खोऱ्यातील प्राचीन सागर : अ. कु. चौधुरी यांच्या संशोधनाचा परिचय

नांदेड व लातूर येथील भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिली ओळख होते ती काळ्या बेसाल्टाची. घरांचे पाये, विहिरींच्या कडा, डोंगरांचे टप्पे, सर्वत्र हाच खडक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या या थरांत सागराचा मागमूस नाही. त्यामुळे प्राचीन सागरी अवसादांचा अभ्यास हा कच्छचा, तिरुचिरापल्लीचा किंवा हिमालयाचा विषय आहे, अशी समजूत सहज होते. परंतु किनवट तालुका ओलांडून आदिलाबादच्या बाजूस गेले, किंवा पैनगंगेच्या काठाने वणीकडे निघाले, की ट्रॅपच्या आवरणाखालून निराळेच खडक वर आलेले दिसतात. त्यांत वालुकाश्म, पातळ पत्र्यांचा चुनखडक व शेल आहेत. हे खडक सागराच्या तळाशी साचलेले आहेत, आणि त्यांच्या वयापुढे बेसाल्टाचे वय अगदीच अल्प ठरते.

पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीस जाऊन मिळते. या नद्यांच्या आधाराने वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेल्या पट्ट्यास भूशास्त्रात प्राणहिता-गोदावरी खोरे म्हणतात. पट्ट्याच्या मध्यभागी कोळसा व सरीसृपांचे जीवाश्म असलेले गोंडवनी खडक आहेत, तर त्यांच्या दोन्ही अंगांना त्याहून कितीतरी जुने, कवचधारी प्राणी निर्माण होण्यापूर्वीचे अवसाद आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम किंग यांनी १८८१ साली या खोऱ्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पाखाल, पैनगंगा व सुल्लावाई ही नावे तेव्हापासून अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. परंतु नावे ठरली म्हणजे इतिहास उलगडला असे होत नाही. हे थर कोणत्या पाण्यात साचले, किती खोलीवर साचले आणि एकामागून एक किती काळाने साचले, हे प्रश्न पुढे दीर्घकाळ उभे राहिले.

या प्रश्नांचा ज्यांनी चार दशकांहून अधिक काळ पाठपुरावा केला त्यांत कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अ. कु. चौधुरी यांचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेली ही संस्था मुख्यतः संख्याशास्त्राची. तथापि १९५७ पासून तेथे भूशास्त्राच्या संशोधनासही आश्रय मिळाला. संस्थेच्या अभ्यासकांनी गोदावरी खोऱ्यातून प्रचंड डायनोसॉरची हाडे मिळविली आणि त्यांचे नाव झाले. चौधुरींनी मात्र त्याच खोऱ्यातील अशा खडकांची निवड केली, ज्यांत हाड नाही, शिंपला नाही. जीवाश्मांचा आधार नसता सागर ओळखावा कसा, ही त्यांच्या कार्यामागील मूळ समस्या होय.

त्यांचा १९७० मधील लेख स्ट्रोमॅटोलाइटांवर आहे. सूक्ष्म शैवलसदृश जीवांच्या चिकट थरांत चुन्याचे कण अडकत जाऊन घुमटाच्या किंवा स्तंभाच्या आकाराची जी पुटे बनतात, ती म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट. या जीवांना प्रकाश हवा असल्याने ही पुटे उथळ पाण्याची साक्ष देतात. १९७७ मध्ये चौधुरींनी खोऱ्यातील वालुकाश्मांवर वाऱ्याच्या कार्याचा काय परिणाम झाला होता याचे विवेचन केले. त्या काळी जमिनीवर वनस्पती नव्हत्या. उघड्या वाळूवर वाऱ्याचा अंमल आजच्यापेक्षा अधिक असणार, आणि पाण्यात साचलेल्या वाळूचे कणही त्यापूर्वी वाऱ्याने घोटलेले असू शकतात. केवळ कणाची गोलाई पाहून अवसादाचे स्थान ठरविणाऱ्यास हा इशाराच आहे. पुढे १९८५ मध्ये जे. डी. हॉवर्ड यांच्यासह लिहिलेल्या लेखात रामगुंडम वालुकाश्माचा उलगडा उथळ सागरातील वाळूच्या दांड्यांची मालिका असा केला गेला. तिन्ही लेखांची पद्धत एकच आहे. थरांचा आकार, त्यांचा कल, तरंगांच्या खुणा व कणांचे स्वरूप यांतून लुप्त झालेल्या पाण्याची हालचाल वाचावयाची.

१९८९ मध्ये चौधुरी व त्यांचे सहकारी यांनी आदिलाबाद परिसरातील पैनगंगा गटाची स्तररचना प्रसिद्ध केली. तळाशी प्राणहिता वालुकाश्म, त्यावर चांदा चुनखडक आणि सर्वांत वर सात नाला शेल, असा हा क्रम आहे. यांपैकी चांदा चुनखडक विशेष लक्षणीय आहे. चुनखडक म्हटला की उबदार, उथळ सागराचे चित्र मनात उभे राहते. येथे मात्र पातळ व समान थर दूरवर अखंड चालू राहतात आणि लाटांनी तळ ढवळल्याच्या खुणा मिळत नाहीत. मधूनच उतारावरून घसरून आलेल्या चुनखडकाच्याच तुकड्यांचे थर आढळतात. या पुराव्यावरून हा चुनखडक वादळी लाटांचा प्रभाव जेथवर पोहोचत नाही अशा खोल तळावर साचला, असा निष्कर्ष निघतो. त्यातच चर्टच्या जोडीने मँगॅनिजाचे पातळ थर आहेत. जॉयदीप मुखोपाध्याय व एस. के. चंदा यांच्यासह चौधुरींनी १९९७ मध्ये या खोल पाण्यातील मँगॅनीज निक्षेपांचे विवेचन केले. नागपूर-भंडाऱ्याकडील मँगॅनिजाचे खनिज उष्णता व दाब यांनी पार बदलून गेले आहे. आदिलाबादचे खनिज रूपांतरित न झाल्याने निक्षेपाची मूळ ठेवण त्यात अजून वाचता येते.

या सागराचे वय ठरविण्याचा इतिहास सर्वांत बोधप्रद आहे. सागरतळावर अवसादन मंद असताना ग्लॉकोनाइट नावाचे हिरवट खनिज तेथेच तयार होते. त्यात पोटॅशियम असते. पोटॅशियम-४० या किरणोत्सर्गी समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे असून त्याच्या ऱ्हासातून काही अंशी अर्गॉन-४० निर्माण होतो. साठलेला अर्गॉन मोजला की खनिजाचे वय काढता येते. या रीतीने पैनगंगा गटास पूर्वी ८० कोटी वर्षांच्या आसपासचे वय दिले जात असे. परंतु अर्गॉन हा वायू आहे. तो निसटला तर वय कमी भरते आणि आधीचा अर्गॉन कणात शिल्लक राहिला असेल तर अधिक भरते. हा दोष ओळखण्यासाठी खनिजाचे कण अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवून, नंतर टप्प्याटप्प्याने तापवून, प्रत्येक टप्प्यास सुटणाऱ्या अर्गॉनचे समस्थानिक मोजतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात चौधुरी सहलेखक होते. त्यात पांडिकुंटा चुनखडकाचे वय १६८ कोटी ६० लाख व रामगुंडम वालुकाश्माचे १५६ कोटी ६० लाख वर्षे आले. दोन्हींतील अनिश्चितता ६० लाख वर्षांची आहे. चांदा चुनखडकातील कणांत पूर्वीचा अर्गॉन आढळला. तो ध्यानात घेऊन त्याचे वय सुमारे १२० कोटी वर्षे मानण्यात आले.

या आकड्यांचा अर्थ केवळ ‘खडक अधिक जुने निघाले’ एवढाच नाही. रामगुंडम वालुकाश्म व चांदा चुनखडक यांच्यातील अंतर सुमारे ३७ कोटी वर्षांचे आहे. दक्षिणेतील लाव्हा थिजल्यापासून आजपर्यंत जेवढा काळ लोटला, त्याच्या पाचपटींहून ते अधिक आहे. म्हणजे या खोऱ्यात एक सागर नव्हता. सागर आला, ओसरला, जमीन झिजली आणि पुन्हा सागर आला. थरांमधील विसंगतीची एक रेघ कधीकधी थरांपेक्षा मोठा काळ सांगते. चौधुरींच्या २००३ मधील आणि सहकाऱ्यांसह लिहिलेल्या २०१२ मधील दीर्घ आढाव्यांत खोऱ्याचा इतिहास अशा विसंगतींनी विभागलेल्या कालखंडांच्या स्वरूपात मांडलेला आहे.

या सागराची पश्चिम सीमा कोठे होती? हा प्रश्न थेट मराठवाड्याचा आहे, कारण खडकांचा पट्टा पश्चिमेस बेसाल्टाखाली दिसेनासा होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे ६१७ मीटर खोल वेधनछिद्र घेतले. त्यात ३३८ मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली केवळ ८ मीटर अवसाद आणि त्यानंतर पायाभूत स्फटिकमय खडक. पैनगंगा गटासारखी जाड सागरी मालिका तेथे नाही. कोयना परिसरातील एका छिद्रात तर ९३२.५ मीटर बेसाल्टानंतर मध्ये अवसाद न लागता ग्रॅनाइटच लागला. देगलूर-बिलोलीकडेही ट्रॅपची कड संपते तेथे ग्रॅनाइट व नाइस वर येतात. यावरून सागर इकडे आलाच नव्हता असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु अवसाद नसण्याची कारणे दोन असू शकतात : एक, तो कधी साचलाच नाही, दुसरे, तो साचला व लाव्हा येण्यापूर्वीच्या दीर्घ काळात झिजून गेला. यांपैकी कोणते खरे, हे रिकामी जागा स्वतः सांगत नाही. त्यासाठी अवसादाच्या मूळ कडेच्या खुणा, म्हणजे किनाऱ्याची भरड वाळू, गोटे व प्रवाहांच्या दिशा, पट्ट्याच्या पश्चिम टोकाशी शोधाव्या लागतात.

पैनगंगेचा चुनखडक आज कोरपना तालुक्यातील सिमेंट कारखान्यांसाठी खणला जातो. व्यवहारात त्याचे मोल टनावर ठरते. शास्त्राच्या दृष्टीने मात्र त्याची प्रत्येक उघडी कड ही एक नोंद आहे, आणि खाणीत ती जशी उघडी पडते तशीच नष्टही होते. एकाच खोऱ्याकडे पुनःपुन्हा परतून, आधी दिलेले वयही पुन्हा तपासण्याची तयारी ठेवून केलेले चौधुरींचे कार्य मराठवाड्यातील अभ्यासकांसमोर आहे. ज्या कडेपाशी हे कार्य थांबते, ती नांदेडपासून दूर नाही.