तळ्यातली पानं काय सांगतात?



आज आपण गावच्या तळ्याबद्दल बोलू. रायगडच्या खाडीकाठी एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि गोडं तळं, मध्ये फक्त मातीचा बांध. उधाणाला बांधाला खांड पडली किंवा उघाडी नीट बंद झाली नाही, की खारं पाणी आत शिरतं. शेताचं नुकसान सगळ्यांना दिसतं. तळ्याचं काय झालं, ते पाण्यातली झाडं सांगतात.

कसं, ते आपल्या स्वयंपाकघरात पाहू. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं आणि फोडी आक्रसतात. बाहेर मीठ जास्त असलं, की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. गोड्या पाण्यातल्या झाडांचंही तसंच होतं. पाण्यात राहूनही ती तहानलेली राहतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याचा थोडा भाग तळ्यात मिसळला, तरी नाजूक झाडांना तो सोसत नाही.

सगळ्याच झाडांना सारखा त्रास होत नाही. पूर्ण बुडालेल्या झाडांची पानं पातळ असतात. ती सगळ्या अंगानं पाणी घेतात, म्हणून मीठही तसंच आत जातं. कमळाच्या पानातलं पाणी उन्हानं उडून जातं आणि मुळांतून आलेलं मीठ पानातच साठतं, म्हणून कडा करपतात. जलपर्णी एरवी हटता हटत नाही, पण खाडीच्या खाऱ्या पाण्यात ती तग धरत नाही. पाणकणीस मात्र थोडा खारेपणा सोसतं.

बदल किती झपाट्यानं होतो, हेही महत्त्वाचं. उन्हाळ्यात तळं आटतं, तसा खारेपणा हळूहळू वाढतो. तेव्हा काही झाडं आपल्या पेशींत साखरेसारखे पदार्थ साठवून पाणी धरून ठेवतात. एका रात्रीत खारं पाणी आलं, तर तेवढी सवड मिळत नाही. मेलेली झाडं कुजतात, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात.

एखादं पान करपलं म्हणून लगेच घाबरू नका; ते रोगानंही होतं. पण उधाणानंतर दोन-तीन जातींची झाडं एकदम सुकली, साबणाला फेस येईना, तर सावध व्हा. बांध आणि उघाडी पाहून ग्रामपंचायतीला कळवा. कुजणारी झाडं बाहेर काढा. ते पाणी भाजीच्या वाफ्याला घालू नका.

शेजारच्या विहिरीचं पाणीही तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत. दुसरी सोयच नसेल, तर २००० ही शेवटची मर्यादा. आणि एक लक्षात ठेवा: उकळून किंवा तुरटी फिरवून खारेपणा जात नाही. उकळल्यानं पाणी आटतं, मीठ तेवढंच राहतं. घरात रक्तदाबाचं माणूस किंवा गरोदर बाई असेल, तर तपासणी होईपर्यंत दुसरीकडचं गोडं पाणी आणा.

पुढच्या अमावास्येच्या उधाणानंतर बचत गटातल्या दोघीजणी तळ्यावर चक्कर मारून या. काय दिसलं, ते बैठकीच्या वहीत तारखेसह लिहा. तक्रार करताना तीच वही आपल्या कामी येईल.