न्यायाधीश निराळा झाला, पण कोठवर?

सोलापुराहून तुळजाभवानीच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूंस आज वाटेत सरहद्द लागत नाही. 1948 पूर्वी मात्र सोलापूर इंग्रजी मुलखात व तुळजापूर निजामाच्या राज्यात होते; आणि त्या सरहद्दीवर राज्यशास्त्राच्या अभ्यासकास बुचकळ्यात पाडील असा एक प्रकार दृष्टीस पडे.

कायदा करणे, तो अमलात आणणे आणि त्याप्रमाणे न्याय देणे ही कामे एका हाती नसावीत, हे फ्रेंच ग्रंथकार माँतेस्क्यू याने 1748 साली मांडलेले तत्त्व वाचकांस ठाऊक आहेच. आपल्या एकत्र कुटुंबांतच पाहा ना! तिजोरीच्या किल्ल्या, हिशेबाची वही आणि भावाभावांतील तंट्याचा निवाडा एकाच कर्त्या पुरुषाकडे असला, तर तो सज्जन असेतोवर निभते. एरवी दाद मागावयाची कोणाकडे? तुळजापूरच्या मुलखाने हा प्रयोग पाहिलेला आहे. 1853 साली निजामाने नळदुर्ग प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा तेथे मेडोज टेलर हा अधिकारी आला. सारावसुली, दिवाणी, फौजदारी, सर्व त्याच्याच हाती. मनुष्य रयतेविषयी कळकळीचा. पुढे त्याने तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर 'तारा' ही कादंबरीही लिहिली. परंतु कळकळ म्हणजे कायदा नव्हे, आणि बदली तर सर्वांचीच होते. 1860 मध्ये तो मुलूख निजामाकडे परत गेला.

आता तो प्रकार ऐका. अंमलदारी व न्यायदान यांची फारकत करावी, अशी मागणी काँग्रेस 1886 पासून इंग्रज सरकारकडे करीत होती. तरीही सोलापूरकडचा मामलेदार सारा वसूल करी आणि मॅजिस्ट्रेट म्हणून शिक्षाही ठोठावी. मुंबई राज्यात याविषयीचा कायदा 1951 साली झाला व 1953 पासून अमलात आला. उलट, ज्यास आपण मागासलेले म्हणत असू त्या हैदराबाद संस्थानात मीर उस्मान अली खान यांनी 1921 सालीच न्यायखाते निराळे केले होते!

ही सुधारणा खरी होती. तिचे श्रेय नाकारणे न्याय्य होणार नाही. पण तिची धाव तालुक्याच्या व जिल्ह्याच्या कचेरीपर्यंतच. वर पाहावे तो कार्यकारी मंडळ निजामाने नेमलेले, कायदेमंडळ केवळ सल्ल्यापुरते, आणि फर्मान म्हणजे शेवटचा शब्द. 1938 साली स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. ती उठविण्यास भाग पाडील असे ना कायदेमंडळ होते, ना न्यायासन. पुढे रझाकारांनी धुमाकूळ घातला. त्यांचे पुढारी कासीम रझवी हे तर त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूरचे वकील! न्यायकचेऱ्या उघड्या होत्या; भयभीत कुटुंबे मात्र घरेदारे टाकून सरहद्दीपलीकडे सोलापूर, बार्शीकडे जात होती.

सप्टेंबर 1948 मध्ये ती राजवट संपली. 26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना लागू झाली आणि तिच्या 50 व्या कलमाने न्यायखात्याची फारकत हे साऱ्या देशाचे धोरण ठरविले. तुळजापूरकरांच्या दृष्टीने त्याहून मोठा पालट निराळाच होता. तेच उस्मान अली खान आता हैदराबादचे राजप्रमुख झाले व 1956 पर्यंत त्या पदावर राहिले. पण त्यांच्या सहीने निघालेला हुकूम घटनेविरुद्ध असल्यास तो रद्द करण्याचा अधिकार आता उच्च न्यायालयास होता, आणि त्यासाठी अर्ज करण्याचा हक्क तुळजापूरच्या कोणाही रहिवाशास.